डाव्या सीटचा कोपरा

माझी फियाट सत्त्याऐंशी सालची. तिच्या सीटा गोवर्धन कुशनवाल्याने चौदा वर्षांपूर्वी शिवून दिल्या होत्या. यंदा ड्रायव्हरच्या बाजूचं रेक्झिन फाटून आतला काथ्या दिसायला लागला, दारांचे आतले पुठ्ठे ओल धरून फुगले. तेव्हा चांदूर रेल्वेहून गाडी काढली आणि अमरावतीत बडनेरा रोडला त्याच्या टिनाच्या शेडपुढे नेऊन उभी केली.

शेडमध्ये गोवर्धन नव्हता. त्याची बायको बेबीताई मशीनवर बसून स्कूटरच्या सीटचं कव्हर शिवत होती.

"थे गेले जी गुरुजी. दिवाळीच्या आंधी," ती म्हणाली. "तुमाले कोणी सांगतलं नाई?"

कोणी सांगितलं नव्हतं. मला काही सांगायला येईल असं आता फारसं कोणी उरलेलंही नाही. मी म्हणालो, "मग राहू द्या."

"राहू कावून द्याचं? बावीस वर्षं सरळ शिलाई मीच मारत होती. नाई जमलं तं अकोल्याले न्या. तिथं तयार कव्हर भेटते. तासाभरात चढवून देतेत."

मी गाडी तिथेच ठेवली.

मग दिवसाआड एसटीने जाऊन शेडमध्ये बसू लागलो. घरी बसून तरी काय करणार? बेबीताईने आधी दारं घेतली. पुठ्ठे क्लिपांमधून अलगद सोडवले, जुन्यावर नवा पुठ्ठा ठेवून कापला, वर पातळ फोम चिकटवला आणि रेक्झिन ताणून मागे वळवलं. काम झालं की ती पुठ्ठा उलटा करून माझ्यापुढे धरायची.

"मांगून पाहा जी. समोरून तं सारेच गोड दिसतेत."

मागूनही ते काम स्वच्छ होतं. मागची लांब सीटही झाली. मग पुढच्या दोन सीटा आल्या आणि तिचा हात थांबला.

पुढच्या सीटचा कोपरा अवघड असतो. संत्र्याला रुमाल गुंडाळून पाहा. वर कापड ताठ बसतं, पण वळणावर ते जास्त होतं आणि तिथे सुरकुत्या पडतात. ते जास्तीचं कापड कुठे आणि कसं लपवायचं, ही खरी विद्या. गोवर्धनच्या कोपऱ्यावर सुरकुती कधी दिसली नाही.

बेबीताईने टाकाऊ तुकड्यांवर तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा कोपऱ्याला माणसाच्या कपाळासारख्या आठ्या पडल्या. तिसरा तुकडा तिने भिंतीवर फेकला.

"यानं मले कोपरा शिकवलाच नाई! कोपरा आला का म्हणे, बेबी, चहा सांगून ये. मी चहा सांगून येवोस्तोर कोपरा झालेला. बावीस वर्षं, गुरुजी! बायकोपासून कावून लपवावं माणसानं?"

"त्याने शिवलेला एखादा कोपरा उसवून पाहिलात का?"

ती उठून पुढच्या सीटांपाशी गेली. ड्रायव्हरच्या सीटचा कोपरा चढून-उतरून झिजला होता, त्याची शिवण केव्हाच गेली होती. डाव्या सीटचा कोपरा मात्र जसाच्या तसा होता. माझी बायको आशा वारल्यानंतर मी त्या सीटा करून घेतल्या होत्या. डावीकडे कोणी बसलंच नव्हतं.

"नवं कव्हर घालायचं तर जुनं निघणारच ना?" मी म्हणालो.

"निंगन. पण अख्खं काढून ठेवीन मी थे. उसवणार नाई." तिने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "यायच्या हातचं आता एवढंच रायलं जी. बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या. हे उसवलं तं मंग काय पाहू मी?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. शाळेत असतानाही मुलाला उत्तर येत नसलं की मी असाच उभा राहायचो.

मग ती म्हणाली, "आन् नाई उसवलं तं मशीन धडपा टाकून झाकून ठेवाचं. नाई तं जलमभर स्कूटरच्याच सीटा शिवाच्या."

"हो. तसंही होईल."

"तुमी बी लय वंगाळ मास्तर असान," असं म्हणून तिने ब्लेड घेतलं.

मी खिशातली वही काढली. ती एकेक टाका कापायची आणि मी लिहून घ्यायचो: वर कोणता थर, खाली कोणता, दोरा कुठून वळला. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा टाकला. उसवताना शेवटचा टाका आधी निघतो आणि पहिला शेवटी. त्यामुळे आम्ही गोवर्धनच्या मागे मागे उलट्या पावलांनी चाललो होतो. जास्तीच्या कापडाची चुणी कोपऱ्यावर नव्हतीच. ती चार बोटं आधीच सुरू करून थोडी थोडी आत घेतली होती.

"हात् तिच्या मायले!" बेबीताई म्हणाली. "मी कोपऱ्यावर शोधून रायली, आन् हे एवढ्या दूर!"

अगदी आतली घडी उघडली आणि तिने तो तुकडा उजेडात धरला. मग माझ्याकडे दिला. कापडातून टाका काढला की भोक बुजतं. रेक्झिनला पडलेलं भोक तसंच राहतं. त्या घडीत, बाहेरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, भोकांची एक ओळ होती. तिच्या शेजारी दुसरी. आणि तिसरी. एकीत आम्ही कापलेल्या दोऱ्याचे तुकडे होते. बाकी दोन ओळींत दोरा नव्हता.

गोवर्धनचाही कोपरा दोनदा चुकला होता. दोनदा उसवून त्याने तो तिसऱ्यांदा शिवला होता.

बेबीताई ती भोकं नखाने मोजत राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली, खांदे हलेपर्यंत.

"म्हून चहा! चुकलेलं बायकोनं पाहू नये म्हून चहा! अन् मी समजो का बुढा विद्या लपवते. ओ बुढ्या..."

ती खिडकीखालच्या, गोवर्धन बसायचा त्या लाकडी स्टुलाकडे वळली. स्टुलावर रेक्झिनचे दोन गुंडाळे ठेवलेले होते. तिचं हसणं तिथेच थांबलं. तिने दोन्ही गुंडाळे उचलून भिंतीशी उभे केले, स्टूल पुसलं आणि रिकामंच ठेवलं.

मग तिने नवं रेक्झिन मशीनखाली घेतलं, माझी वही समोर उघडी ठेवली. पाय मशीनवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"गुरुजी," ती मान वर न करता म्हणाली, "चहा सांगून या जी."

मी चप्पल घातली.

टपरी रस्त्यापलीकडे होती. तिथून मशीन ऐकू येत होतं. ते सुरू झालं, थोडं चाललं आणि बंद पडलं. मग बराच वेळ काहीच नाही; ती उसवत असणार. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद. मी चहा संपवला होता. टपरीवाल्याला म्हटलं, आणखी एक द्या, आणि शेडमधले दोन सावकाश करा.

तिसऱ्या खेपेला मशीन थांबलं ते थांबलंच. मी चहा घेऊन गेलो. सीटचा कोपरा गुळगुळीत बसला होता. सुरकुती नव्हती. आतल्या घडीत काय आहे ते मी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी दुसरीही सीट झाली. उसवलेले तुकडे बेबीताईने खडूच्या आकड्यांसकट एका तारेत ओवून खिळ्याला टांगले. गाडी काढताना ती दारापर्यंत आली.

"डावी सीट जपजा, गुरुजी. उजवी तं तुमी झिजवानच. पुढच्या खेपेले मले पाहाले नमुना लागन."

"तिची काळजी नको," मी म्हणालो. "तिथे कोणी बसत नाही."

तिने डाव्या दाराच्या नव्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, तो नीट बसलाय का ते दाबून पाहिलं आणि दार बाहेरून हळूच लावून घेतलं.