सातव्या रांगेतलं हसू

"हसू म्हणजे जड दार गं बाई, कुणी पहिल्यानं ढकलल्याशिवाय उघडत नाही!"

बाबांचा हा आवाज ताईच्या कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होता. बाबा नाट्यगृहात पडदा ओढायचे. दोरीनं तळहात असे घासून गेले होते, की पाणी प्यायला ओंजळ केली तरी ती लाकडाची वाटावी. विंगेत उभं राहून राहून त्यांना एक गोष्ट उमगली होती. हजार माणसं हसायला तयार बसलेली असतात, पण आधी कोण हसतंय म्हणून एकमेकांची तोंडं बघत राहतात. म्हणून ताईचा धाकटा भाऊ विनोद करायला रंगमंचावर उभा राहू लागला, तेव्हा त्यांनी लेकीला सातव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"फार पुढे नको, फार मागे नको. आणि खोटं हसायचं नाही हं! खोटं हसू लोकांना लगेच कळतं. आलं तर हसायचं. फक्त दाबायचं नाही."

दाबणं ताईला जमणारच नव्हतं. आधी उचकीसारखा एक अडखळा, मग जिन्यावरून चेंडू घरंगळावा तसं तिचं हसू पायरीपायरीनं उतरायचं, आणि त्याच्यामागून सगळं नाट्यगृह कोसळायचं.

धाकट्याला आता सगळा देश 'भिंगरी' म्हणून ओळखत होता. विनोदाच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या सोहळ्यात आज त्याला जीवनगौरव होता. ताईला पहिल्या रांगेचा पास आला होता. तिनं तो दारावरच्या मुलीला परत केला आणि सातव्या रांगेतली कडेची खुर्ची मागून घेतली.

शेजारी सिनेमातला एक जाडा विनोदी नट बसला होता. टायची गाठ सैल करत तो कुजबुजला, "ताई, सगळ्या देशात आज सगळ्यात गंभीर माणसं इथे जमलीयेत बघा. स्वतःचं नाव पुकारेपर्यंत एकालाही हसू फुटायचं नाही."

"आणि पुकारल्यावर?"

"मग रडतात!"

उचकीसारखा अडखळा घेत ताई खुदकन हसली. तेवढ्यात भिंगरीचं नाव पुकारलं गेलं, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

त्यानं चषक छातीशी धरला. टाळ्या ओसरल्यावर तो म्हणाला, "माझे बाबा गेले तो दिवस सांगतो. साडेपाचचा प्रयोग होता. माझी ताई रुग्णालयात त्यांच्या उशाशी होती. दिव्यांच्या झोतात समोरचं काही दिसत नव्हतं, पण तिची खुर्ची रिकामी असणार हे मला ठाऊक होतं. पहिलं वाक्य मी कसंबसं बोललो. आणि काय सांगू, मला तिचं हसू ऐकू आलं! तिथे नसलेल्या माणसाचं हसू! त्या भासानं मला तारलं. प्रयोग संपला, घरी गेलो, तर ताई दारात उभी. म्हणाली, आत्ताच गेले."

ही गोष्ट त्यानं मुलाखतींतून कितीदा सांगितली होती. दर वेळी ताई कुठेतरी खाली बघायची. आताही ती पर्सची कडी उघडत, मिटत राहिली.

निवेदिका हसत पुढे आली. "सर, तुमच्यासाठी एक भेट आहे. तुमच्या जुन्या ध्वनिमुद्रकांच्या मुलीला माळ्यावर एक कॅसेट सापडली. ते कधीमधी मागच्या खोलीतून प्रयोग टेप करून ठेवायचे. आणि योगायोग बघा, वेष्टनावर तारीख त्याच दिवसाची आहे!"

ताईच्या बोटांतून पर्सची कडी निसटली. नको, असं ओरडायला ती अर्धी उठली, पण तोवर टेप सुरू झाली होती.

खरखर झाली. कोवळ्या भिंगरीचं पहिलं वाक्य आलं. मग क्षणभर शांतता. आणि त्या शांततेत एक अडखळा, उचकीसारखा. मग पायरी पायरी, पायरी पायरी...

टेपमधलं नाट्यगृह कोसळलं. त्याच्या पाठोपाठ आजचं सभागृहही हसलं. जाडा नट मात्र हसला नाही. त्यानं मान वळवून ताईकडे बघितलं.

रंगमंचावर भिंगरी जागच्या जागी थिजला. चेहऱ्यावरची एक रेष हलेना. असं दगड होणं ही त्याची गाजलेली लकब होती, म्हणून लोक आणखीच हसले. कुणी शिट्टी मारली. तो तसाच उभा, सातव्या रांगेकडे बघत. तो अभिनय नाही, हे त्या हजारांमध्ये एकट्या ताईला कळत होतं. चषक त्याच्या हातातून घसरला, निवेदिकेनं तो वरचेवर झेलला, त्यावरही टाळ्या पडल्या.

रंगपटात आरशाभोवतीचे दिवे जळत होते. भिंगरीनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

"तू तिथे होतीस."

"होते."

"म्हणजे बाबा..." तो तिच्याकडे वळला. "बाबांना एकटं टाकून आलीस? शेवटच्या घटकेला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं? आणि मी एकतीस वर्षं जगभर सांगत सुटलोय, की माझी ताई उशाशी होती म्हणून! बोल ना गं! कसली बहीण तू?"

ताई स्टुलावर बसली. आरशात दोघंही दिसत होती. त्याच्या गालावरचा रंग घामानं ओघळला होता. तिनं पदराचं टोक घेतलं, त्याला खाली वाकवलं आणि लहानपणी पुसायची तसं त्याचं तोंड पुसलं.

"एकटे नव्हते रे. सव्वाचारला गेले. हात माझ्या हातात होता. दुपारी शुद्धीत होते तेव्हा म्हणाले, तुझी खुर्ची रिकामी ठेवू नकोस. मग काकांना त्यांच्यापाशी बसवलं, नळावर तोंड धुतलं, आणि आले."

भिंगरीनं तिचं मनगट धरलं. "सव्वाचारला? मी तोंडाला रंग लावत होतो तेव्हा?"

"तुला कळलं असतं तर तू उभा राहिला असतास का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे बाबांसाठी हसलीस. गळ्यात रडू घेऊन, खोटं खोटं हसलीस."

ताईनं पदराचं टोक सोडून दिलं. इतकी वर्षं याच ठिकाणी येऊन ती थांबत आली होती. मनातल्या मनातसुद्धा.

"नाही रे," ती म्हणाली. "तेच तर कुणाला सांगवलं नाही. मी नुसती बसायला आले होते. हसणार नव्हते. पण तू ते वाक्य बोललास, आणि मला हसू आलं. बाबांना जाऊन सव्वा तास झाला होता, आणि मला खरं खरं हसू आलं रे."