बागेत मांडलेली सोयरीक

या, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, सतरंजी मोठी आहे. आज एका बागेची गोष्ट सांगायची आहे. बागेची म्हणजे तिथे आलेल्या पाहुण्यांची. आणि पाहुण्यांची म्हटली की ती देवाचीच झाली, कारण कोणता पाहुणा कोणाच्या दारी धाडायचा हे ठरवणारा तोच. निवांत ऐका. शेवटी एक मागणं आहे, तेवढं नाही म्हणू नका.

बिश्केक शहराच्या मधोमध ओक वृक्षांची जुनी बाग आहे. आजोबांच्या आजोबांच्या वेळची झाडं. रांगेत उभी, आणि रांगांच्या मधून दगडी पाटाचं पाणी झुळझुळत जातं. या बागेच्या कडेच्या एका नाटकगृहात कालिपा पोशाख शिवायची. राजाचा झगा उसवला की कालिपा, राणीचा कंबरपट्टा ढिला झाला की कालिपा. दुपारचा चहा मात्र तिने आयुष्यात कधी छपराखाली घेतला नाही. किटली घेऊन ती बागेत यायची, आणि रोजचे म्हातारे बुद्धिबळाच्या पटावरून मान वर करून तिला जागा द्यायचे.

देश नुकताच मोठ्या संघराज्यातून वेगळा झाला होता. कारखान्यांना कुलपं लागली होती, पगार येईल तेव्हा खरा. कालिपाचा नवरा कधीच देवाघरी गेला होता, आणि मागे दीर नाही, भाऊ नाही. होती ती एक मुलगी, पेरिझात. बालवाडीत शिकवायची. तिचं मन बसलं पावाची गाडी चालवणाऱ्या इल्गिझवर. मुलगा घाटापलीकडच्या तलासचा, स्वभावाने गरीब. पण त्याची आई, अनारकान, गरीब नव्हती, म्हणजे स्वभावाने.

आपल्या डोंगरांत मुलाच्या आईने मुलीच्या कानात डूल घातले की सोयरीक झाली. मग ती मोडायला कोणी धजत नाही. अनारकानने पोस्टातून फोन करून निरोप दिला होता की शनिवारी दुपारी येतो. डूल पिशवीत असतील. पिशवीतून बाहेर येतील की नाही, ते येऊन बघू. ज्या घरात बोलायला एक पुरुष माणूस नाही, त्या घरची मुलगी करायची तर नीट डोळे उघडून करायला हवी. हे सगळं तिने इतक्या मोठ्याने सांगितलं म्हणे की पोस्टातल्या रांगेनेही माना डोलावल्या.

डूल पिशवीतच परत गेले तर काय, हे कालिपाला कोणी सांगायला नको होतं. पेरिझात त्या आठवड्यात जेवत नव्हती. 

पण बाई हिंमतीची. कालिपाची खोली एवढीशी, एक बसला तर दुसऱ्याने उभं राहायचं. शेजारीण झुरा म्हणाली, माझं घर घे. कालिपाने मान हलवली. परक्याच्या घरात बसवून माझं आहे म्हणू कशी? आपण बागेत बसू.

झुराने कपाळावर हात मारला. "विहिणीला बाकड्यावर बसवणार?"

"लोकरीच्या नमद्यावर बसवीन. माझ्या आईने लाटलेल्या नमद्यावर. आणि चार भिंतींत तिला काय दिसणार आहे? माझी गरिबी. बागेत निदान झाडं दिसतील."

शनिवार उजाडला. नाटकगृहाजवळ झाडांच्या तिसऱ्या रांगेखाली दोघींनी नक्षीचा नमदा अंथरला, त्यावर जेवण मांडायचं कापड, दस्तरखान. तळलेल्या पिठाच्या बोर्सोकचा ढीग, जर्दाळूचा मुरंबा, चहाचं पाणी उकळणारा, धूर सोडणारा समोवार. घोडा कापणं परवडलं नसतं. पण मेंढा झाला होता. उकडलेलं मटण, मेंढ्याचं डोकं आणि एका झाकलेल्या ताटात शेपटीची चरबी आणि कलेजी. हे ताट फक्त सोयरिकीला निघतं. दोन्ही घरच्यांनी ते एकत्र खाल्लं की माघार नाही. पेरिझात रीतीप्रमाणे आत नाटकगृहात, झग्यांच्या कपाटांमध्ये लपून बसलेली. मुलीने बोलावल्याशिवाय समोर यायचं नसतं, आणि मुलानेही या दिवशी यायचं नसतं. विहिणीला कालिपाने कधी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ओळख पटवणार कोण, हा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही.

बारा वाजून गेले. तेवढ्यात पायवाटेवरून माणसं आली. पांढरी नमद्याची टोपी घातलेले एक म्हातारे बाबा, त्यांची बायको, दोन जाडजूड सुना आणि एक मध्यमवयीन गृहस्थ. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. चालत कसले, थांबतच होते. बाबांनी एका ओकच्या बुंध्यावर हात ठेवला, वर पाहिलं, टोपी सावरली. सुना बागेतल्या बायकांच्या दगडी पुतळ्यांसमोर उभ्या राहून तोंडाला रुमालाचं टोक लावत होत्या, कारण पुतळ्यांना कपडे बेताचेच होते.

कालिपा हात पसरून धावली. या, या, वाट बघून डोळे शिणले. गुरंढोरं बरी ना, पोरंबाळं बरी ना, रस्ता सुखाचा झाला ना? बाबांनीही त्याच लयीत उत्तर दिलं. सगळं बरं, सगळं सुखाचं. तिने त्यांना मानाच्या जागी बसवलं. चहा आला, बोर्सोक आले. बाबांपुढे मेंढ्याचं डोकं ठेवलं. त्यांनी रीतीप्रमाणे कान कापून धाकट्या सुनेला दिला, आणि कालिपाला मनातून हलकं वाटलं. माणसं रीतभात जाणणारी होती. मग तिने ते झाकलेलं ताट उघडलं. बाबा क्षणभर थबकले, बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. यजमानीण प्रेमाने देते आहे तर नाही कसं म्हणायचं? सगळ्यांनी बोटांनी चिमूट चिमूट खाल्लं.

आणि या सगळ्यात कोणी कोणाला नाव विचारलं नाही. विचारायचंच नसतं. पाहुण्याचं पोट भरेपर्यंत तू कोण, कुठला, कशाला आलास असं विचारणारं घर आपल्या डोंगरांत अजून झालेलं नाही.

बाबा खात होते, पण त्यांची नजर झाडांवरून हलत नव्हती. कालिपाला त्याचंच कौतुक वाटत होतं. ते म्हणाले, आमच्याकडे उंचावर झाड म्हणजे वाऱ्याने वाकवलेलं, खडकाला धरून बसलेलं. इथे बघतो तर एवढी मोठी झाडं, आणि एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. सकाळपासून फिरतोय, मान दुखायला लागली तरी पोट भरत नाही. कालिपाने ऐकून झुराला कोपराने ढोसलं. बघ, मी म्हणाले होते ना.

जेवण झालं. बाबांनी आशीर्वादासाठी तळवे उघडले, आणि तसेच थांबले.

"लेकी, प्रार्थना कोणाच्या नावाने करू? घरात कोणी आजारातून उठलं का? की धन्याला जाऊन वर्ष झालं?"

व्याह्यांनी थट्टा करायचीच असते, म्हणून कालिपा हसली. "प्रार्थना पोरीच्या नावाने करा. पोरगा तर तुमचाच आहे."

"आमचा?" बाबा गोंधळले. "आमचा पोरगा हा शेजारी बसलाय. याला चार लेकरं आहेत."

झुराच्या हातातली पेली कलंडली. मग सगळं बाहेर आलं. बाबांचं नाव ओस्मोनकुल, गाव नारिनकडचं. डोळा दाखवायला शहरात आले होते. डॉक्टरांनी सोमवारी या म्हणून सांगितलं, तेव्हा म्हणाले ती बाग तरी बघू. इतकी माणसं जिच्याबद्दल सांगतात ती. आणि बागेत एक बाई हात पसरून जेवायला बोलावते, तेव्हा त्यांना वाटलं की कोणीतरी नवस फेडते आहे. नवसाच्या जेवणाला वाटसरूला बोलावतातच. आणि नवसाचं अन्न नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं.

कालिपाने ताटाकडे पाहिलं. डोकं कापलेलं. चरबी आणि कलेजीचं ताट जवळजवळ रिकामं. आणि नेमक्या त्याच वेळी पायवाटेवर दुसरी माणसं दिसली. पुढे मखमली बंडी घातलेली उंच बाई, छातीशी पिशवी धरलेली. मागे पांढऱ्या टोपीतले तिचे थोरले दीर. घाटात बस बंद पडली होती, धुळीने सगळे माखलेले.

अनारकानने आधी वर पाहिलं, मग पुतळ्यांकडे, मग ताटाकडे. "बाग बाग म्हणून ऐकलं होतं, वाटलं सफरचंदं असतील. ही झाडं तर ओकफळं पाडतात, डुकरांचा चारा. आणि या उघड्या बायका आमच्या जेवणावर नजर ठेवून. बरं, जेवण तरी आहे का? आमच्या ताटात आधीच कोणाचे दात लागलेले दिसतात."

झुराने डोळे मिटले. ओस्मोनकुलांची बायको उठायला लागली. कालिपाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं. कमरेला हात लावून ती विहिणीसमोर उभी राहिली. घाबरली नव्हती असं नाही, पण चोरी केली नव्हती.

"विहीणबाई, चूक माझी. तुम्ही समजून यांना बसवलं. जेवायच्या आधी नाव विचारलं नाही. तुमच्या घरी विचारतात का?"

अनारकानने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. विचारतात म्हणाली असती तर तलासमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"नाही विचारत," ती शेवटी पुटपुटली. पण हार मानणारी नव्हती. थोरल्या दिरांकडे वळून म्हणाली की असू दे, पण बोलणी करायची कोणाशी? आमच्या बाजूने हे थोरले दीर आहेत. यांच्या बाजूने कोण? तो दगडी पुतळा?

तेव्हा ओस्मोनकुल आजोबा उठले. गुडघे कडाडले, सुनेने काठी दिली. एका डोळ्याने धूसर दिसत होतं, म्हणून ते थोरल्या दिरांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"मी आहे."

"तुम्ही हिचे कोण, बाबा?"

"सकाळी कोणी नव्हतो. आता या घरची शेपटीची चरबी आणि कलेजी माझ्या पोटात आहे. डोकं मी कापलंय. ते बाहेर काढता येत असेल तर काढा, नाहीतर माझ्याशी बोला. मुलगी माझी."

थोरल्या दिरांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी नीट केली, आणि नमद्यावर मांडी घातली. दुसरं काही करणं रीतीत बसतच नव्हतं. ते ताट खाल्लेला माणूस त्या घराचा झाला, हे त्यांच्या वडिलांनीच त्यांना शिकवलं होतं.

मग ओस्मोनकुल आजोबांनी जे विचारलं, ते कालिपाने आठवडाभर मनात घोळवलं होतं आणि मुलीची आई म्हणून तोंडावर आणता आलं नव्हतं. पोरगा पितो का? हात उगारतो का? सासू पहाटे उठवील, पण दुपारी आडवं होऊ देईल का? पोरीला शिकवायला आवडतं, तर लग्नानंतर बालवाडी सुटणार नाही ना? प्रत्येक प्रश्नाला ते उत्तर येईपर्यंत थांबत. टाळलेलं उत्तर त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्यांची बायको मधेच म्हणाली की यांनी आमच्या तिन्ही मुलींच्या सासरच्यांना असंच रडवलंय.

अनारकानचा आवाज आधी चढला. मग एका उत्तराला तिला स्वतःचं सासर आठवलं की काय कोण जाणे, आवाज खाली आला. तिच्यासाठी कोणी असं उभं राहिलं होतं का, हे आपल्याला माहीत नाही.  वरून उन्हाचे कवडसे तिच्या धुळकट बंडीवर हलत होते. झुराने भीत भीत चहाची पेली पुढे केली, ती तिने घेतली. एक बोर्सोक मुरंब्यात बुडवला.

"छप्पर उंच आहे तुमचं," ती कालिपाला म्हणाली. "आमचं घर एवढं उंच नाही, पण पाणी दारापर्यंत येतं. बालवाडी गावातही आहे." आणि मग, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, "बोलवा मुलीला. कान तरी बघू देत."

पेरिझात आली ती खाली मान घालून, झग्यांचा कापूर अजून अंगाला. अनारकानने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून चांदीचे डूल. घालताना एक डूल दोनदा निसटला. कालिपाने मदतीला हात पुढे केला नाही. तो मान विहिणीचाच होता.

उरलेली कलेजी सगळ्यांनी मिळून संपवली. चिमटीएवढीच आली प्रत्येकाला. मग ओस्मोनकुल आजोबांनी पुन्हा तळवे उघडले. या वेळी कोणाच्या नावाने, हे विचारावं लागलं नाही. बुद्धिबळाच्या पटावरचे म्हातारेही पट सोडून तळवे उघडून उभे राहिले होते. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवला.

लग्नाला ओस्मोनकुल आजोबांना येता आलं नाही. बर्फाने घाट बंद होता. पण त्यांनी कोणाच्या तरी हाती एक मेंढा धाडला, मुलीच्या बापाकडून म्हणून. तिसऱ्या हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली, तेव्हा पेरिझातने बापासाठी धरतात तसं सुतक धरलं, आणि अनारकान सुनेला आडवी आली नाही.

तर मंडळी, मागणं एवढंच. आज रात्री जेवण झाल्यावर हात जोडाल, तळवे उघडाल, जी तुमची रीत असेल ती कराल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत एक नाव घाला. नारिनचे ओस्मोनकुल आजोबा. ते तुमचे कोणी नव्हते. त्या सकाळी ते कालिपाचेही कोणी नव्हते.