सगळ्यांले हळद

रुख्मिणीच्या कोंबड्या म्हणजे एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या सख्ख्या बहिणी, सगळ्या पांढऱ्याफटक. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या त्या गावात कोणतीही पांढरी कोंबडी उकिरड्यावर दिसली तरी लोक खुशाल म्हणायचे, जानराव माळ्याची असेल. त्यातली एक मात्र लाडाची. रुख्मिणीच्या लेकीनं, प्रणालीनं, तिला पिल्लू असल्यापासून तळहातावर दाणे चारून वाढवलेलं. हातावर कण्या घेऊन ‘ये ये’ म्हटलं की ती एकटी धावत यायची. एवढीच तिची ओळख. प्रणाली लग्न होऊन वरूडला संत्र्यावाल्यांच्या घरी गेली, तरी तिचा फोन आला की आधी कोंबडीची चौकशी, मग आईची. बापाचा नंबर लागला तर लागला.

नेमक्या त्याच कोंबडीला मोकाट कुत्र्यानं धरलं. रुख्मिणीचा नवरा जानराव काठी घेऊन धावला म्हणून जीव वाचला, पण पाठीचं कातडं पार सोलून निघालं. बेबीताई शेजारच्या भिंतीवरून म्हणाल्या, आता हिचा रस्सा करा आणि मोकळ्या व्हा. रुख्मिणीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं हळद तेलात कालवली आणि लावली. नुसती जखमेवर लावायची ना? पण हिचा हात सढळ. पाठ, पोट, मान, शेपूट, सगळं माखून टाकलं, आणि रोज माखत राहिली. बांबूच्या डालग्याखाली, चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवून तिला हातानं चारलं. कोंबडी वाचली. पाठीवर नवी पिसं फुटली, तीही फुटल्या फुटल्या पिवळी झाली. मग बाईसाहेब घरभर हिंडू लागल्या आणि दुपारी जानरावाच्या खाटेवर बसू लागल्या. जानराव तिला उठवायचा, शिव्या द्यायचा आणि स्वतः बाजूला सरकून झोपायचा.

अशातच प्रणाली बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. जानरावानं सांगून टाकलं, बाळंतिणीच्या घरात कोंबडी चालायची नाही. ती अंगणात बाकीच्यांत रमली तर ठीक, नाही तर बेबीताईंना देऊन टाकू. बेबीताईंच्या घरी गेलेली कोंबडी परत कोणी पाहिली नव्हती, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. रुख्मिणीपुढं प्रश्न लेकीचा. पोरगी दारात उतरल्यावर पहिलं विचारणार ते कोंबडीचंच. काय सांगायचं, तुझी कोंबडी शेजाऱ्यांनी खाल्ली?

दुसऱ्याच दिवशी तिनं कोंबडी अंगणात सोडली. बहिणींनी मान वर करून पाहिलं आणि सगळ्या मिळून तुटून पडल्या. चोची काय, पंजे काय, चार महिन्यांचं वैर असल्यासारख्या. रुख्मिणी मध्ये पडली तर तिच्याही पायाला चोच लागली. मग तिनं दुसरी युक्ती केली. कोंबडीला डालग्यासकट अंगणात ठेवलं, म्हणजे फटींतून एकमेकींना पाहतील, सवय होईल. सवय झाली ती मारायची. ज्या त्या कोंबडीनं जाता येता फटीतून एक टोचा हाणायचा आणि पुढं जायचं. तिन्हीसांजेला सगळ्या खुराड्यात चढल्यावर तिला गुपचूप आत सरकवून पाहिलं. उजाडायच्या आत आतून असा कालवा उठला की जानरावालाच धावावं लागलं.

प्रणाली यायला एकच दिवस उरला. रुख्मिणी ओट्यावर डालगं मांडीशी घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला खळ नव्हता. एवढी जगवली, मरणाच्या दारातून आणली, ती काय बेबीताईंच्या पातेल्यात जायला? जानराव मळ्यातून आला. बायकोचं तोंड बघून त्याला काही सुचेना, आणि काही सुचलं नाही की तो थट्टा करतो, ही त्याची जुनी खोड.

“अवं, काहून नाही मारतीन तिले?” तो म्हणाला. “सख्ख्या बहिणी त्या. तू एकीलेच हळद लावून राहिली. बाकीच्यांले कोणी इचारलं?”

झालं. बोलणारा बोलून गेला, पण ऐकणारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवरीला हळद लागली की उरलेली हळद सख्ख्या, चुलत, मावस, सगळ्या बहिणींच्या गालाला लागते. जिचे गाल कोरडे राहिले ती जेवणापर्यंत रुसून बसते, हे रुख्मिणीनं किती लग्नांत पाहिलं होतं. ती उठली. हळदीचा अख्खा डबा परातीत उपडा केला, वर तेल ओतलं.

“धरा बरं एक एक,” ती म्हणाली.

जानराव आधी हसला, मग बायकोकडे नीट पाहून हसायचा थांबला. पुढचा सारा वेळ तो अंगणात वाकून धावत होता आणि त्याचा धुतलेला पायजामा गुडघ्यापर्यंत पिवळा झाला होता. बेबीताईंनी भिंतीवरून विचारलं, हे काय चाललंय. त्यानं लग्न आहे म्हणून सांगितलं. एकेक बहीण मानेपासून शेपटीपर्यंत माखून निघाली, कोंबडाही सुटला नाही. मग रुख्मिणीनं डालगं उचललं.

जी ती दुसरीला परकी समजून टोचू लागली. कोण थोरली, कोण धाकटी, कोणी कोणाचं ऐकायचं, काही ताळतंत्र राहिलं नाही. एकटी वेगळी अशी कोणी उरलीच नव्हती, मग सगळ्यांनी मिळून मारायचं तरी कोणाला? थोडी झटापट झाली, दमल्या, आणि मूठभर कण्या पडल्या तशा माना खाली घालून सगळ्या शेजारी शेजारी टिपू लागल्या. रुख्मिणी तिथंच मातीत बसली. तिला एवढा आनंद झाला की तिनं चहा टाकायलाही जानरावालाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रणाली आली. भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं, पाणी पिऊन होतं न होतं तोच ती मागच्या अंगणात. तो पिवळाधमक जथा पाहून तिला पोट धरून हसावं लागलं. हातावर कण्या घेऊन तिनं ‘ये ये’ म्हटलं. एकीनंही मान वर केली नाही. सगळ्या उकिरडा उकरण्यात गुंग.

“माही कोणती वं, माय?”

रुख्मिणीनं निरखून पाहिलं. पुन्हा पाहिलं. आतापर्यंत मांडीवर घेऊन चारलेली कोंबडी, पण तिलाही ओळखू येईना.

“मले बी नाही समजून राहिलं,” ती म्हणाली. “त्यायच्यात मिसळली.”

प्रणालीनं एकेक कोंबडी निरखून पाहिली. मग म्हणाली, “वरूडले मले बी आता कोणी नवी सून म्हणत नाही, माय.”

सासरी रुळलीस का, हे वर्षभर फोनवर रोज बोलूनही विचारायला रुख्मिणीची जीभ रेटली नव्हती, ते लेकीनं आपणहून सांगितलं. तिनं प्रणालीचा हात धरून त्यातल्या कण्या अंगणात उधळल्या, आणि सगळ्या कोंबड्या एकदमच धावत आल्या.