आधी बेल, मग सवाल

बलदियेची, म्हणजे नगरपालिकेची, बैठक जवळ आली की जुन्या जालन्यातल्या पाच घरांची दारं भरदुपारी आतून लागत. चोराची भीती नव्हती हो! रखमाजी येणार असे.

गोपीकिशन शेटच्या गटात सात मेंबर होते: स्वतः शेट, रखमाजी आणि ही पाच घरं. अकरांच्या बलदियेत सात म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्या सातांचे हात एकदम वर गेले पाहिजेत, ही जबाबदारी रखमाजीची. आज कायदेमंडळात हे काम करणाऱ्याला प्रतोद म्हणतात, तेव्हा जालन्यात त्याला नावही नव्हतं. निजामाच्या अमलात मत देण्याची सवय होती कुणाला? म्हणून शेटनी आपली एक रीत पाडली होती. बैठकीच्या आदल्या दुपारी रखमाजीनं ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येकानं तो बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, 'गट सांगेल तसा हात वर करीन.' सवाल काय आहे, ते दुसऱ्या दिवशी बैठकीत कळायचं. आधी सांगितलं की बातमीला पाय फुटतात, असं शेटचं म्हणणं.

रखमाजीनं तीन वर्षांत एक हात फुटू दिला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. बायको मागंच वारली होती. पारावर तो जाऊन बसला की गप्पा थांबत, कुणाला गुरं आठवत, कुणाला दुकान. "बसा रखमाजी, आलोच," म्हणून गेलेला माणूस परत येत नसे. मग तो एकटाच बसून राही आणि मनाला समजावी की मोठ्या कामाच्या माणसाला लोक जरा दबूनच असतात. पण घरी भाकरी थापताना हे समजावणं कामाला येत नसे. बोलायला कुणी नाही, हे दुःख त्याला आतून खात होतं.

त्यात गटातलाच भुजंग तुटला, ते सर्वांत वाईट. एका तालमीत लहानाचे मोठे झालेले दोघं. भुजंगचं घर कुंडलिकेच्या काठच्या वस्तीत. तिथले लोक नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायचे. मागच्या साली नळ कुठं बसवायचा हा सवाल निघाला आणि शपथेनं बांधलेल्या भुजंगनं आपल्याच वस्तीविरुद्ध हात वर केला. नळ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेला. उन्हाळ्यात नदीकाठी पटकी आली आणि भुजंगची बायको गोजरबाई दोन दिवसांत गेली. तेव्हापासून भुजंग रखमाजीशी बोलत नव्हता. ताटली पुढं आली की मुकाट्यानं बेल उचली आणि तोंड फिरवी.

या साली दुसरा नळ मंजूर झाला होता. तो स्टेशनाकडे अडत्यांच्या दुकानांपुढं न्यायचं शेटनी ठरवलं होतं. रखमाजी ताटली घेऊन सर्वांत आधी भुजंगकडेच गेला. अवघड घर आधी उरकावं, हा त्याचा हिशेब. भुजंग ओसरीवर पाठ करून बसला होता. त्याची आई झुंबरबाई पुढं आली आणि तिनं ताटलीवर हात ठेवला.

"थांब रखमा. उद्या सवाल काय हाये?"

"काकू, ते आधी सांगायचं न्हाई. गटाची रीत हाये."

"माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यास तू. मला सांग."

रखमाजी खाली बघत म्हणाला, "नळ हाये. टेसनाकडं जायचा."

भुजंगची पाठ हलली.

"तीन साल झाले, तू शेटचा निरोप घरोघर आणून राह्यलास," झुंबरबाई म्हणाली. "घरोघरचा निरोप शेटकडं कवा नेलास का?"

"माझं काम हात बराबर वर न्यायचं, काकू. एकी न्हाई राह्यली तर गट कशाचा?"

"एकी पाह्यजेच! मी कुठं न्हाई म्हनते? पण आधी इचार, मंग बांध. बैलाला सुदिक जुवाखाली न्यायच्या आधी खांदा बघत्यात. तू मानसाचा खांदा कवा बघितलास?"

रखमाजीनं ताटली मागं घेतली. तो तसाच बाहेर पडला आणि सरळ गटातल्या कडूबाच्या घरी गेला. ताटली खाली ठेवून त्यानं विचारलं, "कडूबा, शपथ राहू दे. नळ कुठं जावा, तुझ्या मनात काय हाये?"

कडूबा घाबरलाच. त्याला वाटलं, ही परीक्षा आहे. मग दाराकडे बघत तो हळूच म्हणाला, "नदीकाठीच जायला पाह्यजे. मागल्या सालीबी मला तसंच वाटत व्हतं. पण बाकीचे समदे राजी, मंग मी एकटा काय बोलू?"

पुढच्या घरी बद्रीनाथ हेच म्हणाला. रामकिसन हेच म्हणाला. दीपचंदांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "मी एकटाच उलटा इचार करून राह्यलो, असं वाटायचं भाऊ," ते म्हणाले.

अरे देवा! चार घरं, चार माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच! त्यांना एकटं पाडलं कुणी? एकीच्या नावाखाली घरोघर फिरून रखमाजीनंच. तो तसाच शेटकडे निघाला.

शेट गादीवर बसले होते. "बोलो रखमाजी, समदे राजी?"

"न्हाई शेटजी. पाचजण राजी न्हाईत. मी धरून सहा."

शेट लाल झाले. "तुला हात जमवायला पाठवलं होतं, का मनं?"

"मन घेतल्याबिगर हात घेतला, म्हणून गोजर गेली, शेटजी. मागल्या सालीबी कुणी राजी नव्हतं."

शेट उठून खिडकीशी गेले. तिथूनच त्यांनी विचारलं, "मंग दर टायमाला तू 'समदे राजी' सांगत होतास, ते?"

"मी कुणाला इचारलंच नव्हतं."

"आणि मी तुझ्यावर इसंबून होतो," शेट हळू आवाजात म्हणाले. आपल्याच रीतीनं कुणाला विचारायला जागा ठेवली नव्हती, हे ध्यानात येऊन त्यांचा राग उतरला होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत शेटनी स्वतःच उठून नदीकाठच्या नळाची सूचना मांडली. गटाचे सातही हात वर गेले. शपथ कुणीच घेतली नव्हती!

रखमाजी धावतच भुजंगच्या घरी गेला. बैठक सुटताच भुजंग निघून आला होता. ओसरीवर बसून तो नदीकडे बघत होता.

"भुजंगा, नळ आला! सवाल इचारला की मानसं बोलत्यात, मला आज कळलं."

वर्षभरानं भुजंगनं त्याच्याकडे पाहिलं. "एक साल आधी इचारलं असतंस," तो म्हणाला, "तर पहिली घागर गोजरनं भरली असती."

रखमाजी पायरीवर बसून राहिला. भुजंगनं त्याला ऊठ म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

नागरिक बंधूंनो, संस्थानं गेली, सभा मोठ्या झाल्या, प्रतोदाला मानाची खुर्ची मिळाली. गटाला एकी लागते, आणि ती राखणारा माणूसही लागतो. पण नेत्याचा हुकूम खाली नेणं हे त्याचं अर्धंच काम आहे. खालच्यांचं मन वर नेणं हे दुसरं अर्धं, आणि ते आधी करायचं असतं. जो ते टाळतो तो स्वतः एकटा पडतोच, पण प्रत्येकाला एकटं पाडतो. आणि उशिरा विचारलेल्या सवालाचं उत्तर कितीही चांगलं आलं, तरी गेलेलं माणूस परत येत नाही.