एका अंगठ्याची एकेचाळीस नावे

मित्रांनो, माझे झाकण आता नीट बसत नाही आणि एक कडीही तुटली आहे. मी मतदार नोंदणीची पेटी. माझ्या पोटात एक संगणक, एक कॅमेरा आणि बोटांचे ठसे घेणारी काचेची छोटी पट्टी आहे. केनियाच्या किनाऱ्यावर, मिठागरांच्या मुलखात माझे आयुष्य गेले.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. तिथे बसून काम करणाऱ्यांची मऊ बोटे माझ्या काचेवर ठेवून माझी परीक्षा घेतली. मी एकही ठसा चुकले नाही. "ही कधी फसायची नाही," असे ते म्हणाले आणि मला ते खरे वाटले. पुढे नैरोबीच्या सभेत माझे केवढे कौतुक झाले! आता मेलेले लोक मत देणार नाहीत, एकाला दोनदा मत देता येणार नाही, असे मंचावरून सांगितले गेले. टाळ्या वाजल्या. मीही मनातून फुगले.

मग मला म्वेरेनी गावच्या शाळेत पाठवले. चेंगो नावाचा कारकून मला सांभाळायचा. तो पस्तिशीचा होता, हंगामी होता आणि पक्क्या नोकरीची वाट पाहून थकला होता.

पहिल्याच सकाळी रांगेत सर्वांत पुढे सिदी उभी होती. वय पंचावन्न, त्यातली तीस वर्षे मिठागरात गेलेली. मिठाचा थर फोडायचा, खाऱ्या पाण्यातून हातांनी ओढून ढीग करायचा, हेच तिचे काम. तिने मिठागरातल्या चाळीस बायकांना गोळा करून आणले होते. कंपनीला मिठागर वाढवायचे होते, आणि त्यात गावाची गोड्या पाण्याची विहीर जाणार होती. दामा नावाच्या शिक्षिका विहिरीसाठी निवडणुकीला उभ्या होत्या. बायकांना त्यांना मत द्यायचे होते.

"अंगठा ठेव, मावशी," चेंगो म्हणाला.

तिने ठेवला. मी लाल दिवा लावला.

"पुसून ठेव जरा."

"आता काय पुसू? मिठाने सगळा खाल्लाय रे," सिदी म्हणाली.

"नवऱ्याला दाखवून दाखवून झिजला असेल!" मागून म्बेयू ओरडली आणि सगळी रांग हसली.

पण म्बेयूचाही उमटला नाही. मी एकेचाळीस वेळा लाल दिवा लावला. मित्रांनो, त्या बोटांवर रेषाच नव्हत्या. काचेवर काच ठेवावी तसे मला वाटत होते.

ठसा उमटत नसेल, तर जिल्ह्याच्या निवडणूक साहेबांनी स्वतः येऊन परवानगी द्यावी असा नियम होता. चेंगोने जिल्ह्याला फोन केला. साहेब म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशीही तेच झाले. बायका काम बुडवून पुन्हा आल्या. तिसरा दिवस नोंदणीचा शेवटचा होता. मुकादमाने त्यांना बजावले होते, आज गैरहजर राहिलात तर उद्या येऊच नका. तरी त्या आल्या.

"चेंगो, बाळा, काहीतरी कर," सिदी म्हणाली. "परत जायला तोंड नाही आम्हाला."

चेंगोने दाराकडे पाहिले. मग हळूच आपला अंगठा माझ्या काचेवर टेकवला आणि तिला म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघ."

मी हिरवा दिवा लावला. अंगठा कोणाचा, हे तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. एकेचाळीस चेहरे आले, एकेचाळीस नावे आली, आणि प्रत्येक नावाखाली तोच अंगठा बसला. बायकांना वाटले, यंत्राने अखेर आपल्याला ओळखले. सिदीने चेंगोला कसाव्याचा उकडलेला कंद दिला. त्याने तो माझ्यासमोरच खाल्ला.

दोन महिन्यांनी साहेब आले. मुख्य कार्यालयात सगळे ठसे एकमेकांशी ताडून पाहिले होते.

"बेचाळीस नावांना एकच अंगठा आहे," साहेब म्हणाले. "बेचाळिसावं नाव तुझं आहे, चेंगो."

"साहेब, तुम्हाला किती फोन केले मी! त्या बायका खऱ्या आहेत. फोटो बघा ना, प्रत्येकीचा चेहरा वेगळा आहे."

"चेहरे कोण बघतंय? अहवालात आकडे जातात." साहेबांनी खुर्ची ओढली. "तू मला केलेले फोनही अहवालात जायला नकोत. तुझं नाव मी या बेचाळिसांच्या यादीतून काढतो. बायकांनी दामाबाईच्या सांगण्यावरून लबाडी केली, असं लिहून दे. नाहीतर तू आत जाशील. जाशील?"

चेंगोने पेन मागितले.

पुरावा म्हणून मला पोलीस चौकीत नेऊन ठेवले. म्हणून पुढचेही मी पाहिले. सगळ्या बायकांची नावे मतदार यादीतून उडाली, आणि बायकांची पुढारी म्हणून सिदीला अकरा दिवस कोठडीत ठेवले. जबाबावर तिचा अंगठा हवा होता. शिपायाने शाई लावून तो कागदावर दाबला. नुसता निळा डाग पडला.

"काहीच उमटलं नाही, साहेब," शिपाई म्हणाला.

"चालतंय," ठाणेदार म्हणाले.

मतांसाठी जो अंगठा चालला नाही, तो गुन्ह्यासाठी चालला.

दामाबाई सतरा मतांनी हरल्या. विहिरीभोवती कंपनीने मिठागराचा बांध घातला आणि दोन महिन्यांत पाणी खारट झाले. सिदीचे काम गेले. ती आतल्या गावात लेकीकडे राहून नातवंडे सांभाळू लागली. चेंगोची नोकरी पक्की झाली.

पाच वर्षांनी मला पुन्हा त्याच शाळेत आणले. एक नव्या कारकून बाई मला चालवत होत्या. रांगेत सिदी आली. तिने अंगठा ठेवला आणि मी चकित झाले. मीठ सुटल्यावर तिच्या बोटांवर रेषा परत उगवल्या होत्या. पहिल्याच खेपेला ठसा स्पष्ट आला.

"वा, आजी! किती छान उमटला!" बाई म्हणाल्या. मग नाव टाकताच माझ्या पडद्यावर अक्षरे आली आणि त्यांचा आवाज उतरला. "पण तुमचं नाव कायमचं बंद आहे. आधी गुन्हा झालाय."

"पण हा अंगठा माझाच आहे ना?" सिदीने विचारले.

"हो, तुमचाच आहे."

"मग तेवढं तरी लिहून दे."

बाईंनी सगळीकडे शोधले. तसे लिहायला माझ्यात जागाच नव्हती. "पुढचे," त्या म्हणाल्या आणि सिदी बाजूला झाली.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला धुळीपासून जपा, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्या पेटीमागे बसेल. तेव्हा लाल दिवा लागला, तर मान वर करून समोरच्या माणसाला त्याचे नाव विचारा. मला ते कधीच जमले नाही.