बकरी, पाववाला आणि कुंताबाईचं हसू

सिहोऱ्याकडच्या दंडारीत, तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, सुखरामचं सोंग निघालं की माणसं पोट धरून हसत. नुसती तिपाई आणताना दिसली तरी पोरं शिट्ट्या मारायची. सोंग तसं साधंच. नवा जावई सासरी येतो, आडपडद्यापलीकडची बायको दिसावी म्हणून तिपाईवर चढतो, टाचा उंचावतो आणि धाडकन उताणा पडतो. अडतीस वर्षं सुखराम असा पडत आला होता, आणि आसपासच्या गावांत त्याच्या पडण्याचं नाव होतं. हसत नव्हती ती एकच बाई, आणि ती नेमकी त्याची बायको होती.

कुंताबाई दर मंडईला, म्हणजे गावच्या वार्षिक जत्रेला, पुढच्या रांगेत बसायची. जावई तिपाईवर चढला की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड घट्ट मिटून घ्यायची. सुखरामनं दोनचारदा विचारून पाहिलं होतं, "तुले हासू काहून येत नाही वो?"

"चांगलंच करता ना. लोकं हासतेत त," एवढंच ती म्हणायची.

साऱ्या गावाला हसवायचं आणि घरच्याच माणसापुढे हात टेकायचे, हे दुःख सांगायचं तरी कोणाला! बायकोला गंमतच कळत नाही अशी त्यानं आपली समजूत करून घेतली. ती समजूत खोटी असली तरी सोयीची होती, म्हणून टिकली.

यंदा ती टीव्हीनं मोडली. पहिलीतल्या नातीनं, रश्मीनं, कुठलंसं जुनं कार्टून शोधून काढलं. रंग विटलेले, चित्रं हातानं काढलेली, वयानं तिच्या आजोबाच्या बरोबरीची. गोल पोटाचा एक पाववाला आणि हाडकुळी एक बकरी. त्याला पाव गिऱ्हाइकाकडे पोचवायचे असतात आणि तिला ते खायचे असतात, बस्स. बोलणं एका शब्दाचं नाही, नुसती वाजंत्री. रोज संध्याकाळी पाचला ते लागायचं.

पहिल्या दिवशी सुखराम अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता. तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. मोकळं, खळखळतं, शेवटी दम लागून खोकल्यात जाणारं. शेजारची कोणी आली असेल म्हणून त्यानं डोकावलं, तर कुंताबाई! तोंडात पदर कोंबलेला आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. बायको एखाद्या माणसाच्या विनोदाला हसली असती तर त्यानं सोसलं असतं. इथं बकरीनं बाजी मारली होती.

"बकरीच त हाये ते. तिच्यात हासासारखं काय हाये?"

"तुमी बसून त पाहा जरा," ती डोळे पुसत म्हणाली.

चार दिवस तो बसला नाही. पाच वाजले की मुद्दाम बांधावर जायचा. पाचव्या दिवशी मात्र दाराशी टेकला, तोही खोट काढायलाच.

त्या दिवशी पाववाला शिडीवर होता. डोक्यावर पावांची उतरंड, वर माडीवर गिऱ्हाईक, आणि खाली बकरी निवांतपणे शिडीचा पाय कुरतडतेय. शिडी हलली. आता पडेल, सुखराम मनात म्हणाला. पण पाववाला पडेना. त्यानं आधी खाली पाहिलं. मग थेट आपल्याकडे पाहिलं, जणू म्हणतोय की तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. मग टोपी नीट केली, नाक पुसलं, एक पाव काळजीनं गिऱ्हाइकाच्या हातात दिला, आणि मग पडला.

"अरे बापा!" सुखरामनं मांडीवर थाप मारली. "काय थांबला बे तो!"

अडतीस वर्षं तो पडण्यावर मेहनत घेत आला होता, आणि गंमत तर पडण्याच्या आधी होती. पाववाल्याचं चित्र काढणारा माणूस कोण, कुठला, आज आहे की नाही, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं मनोमन त्या माणसाला हात जोडले. असा उस्ताद त्यानं जन्मात पाहिला नव्हता, हे कबूल करायला त्याला लाज वाटली नाही.

मग तो रोजचा झाला. आणि एकटाच नव्हे. मुलगा धर्मेंद्र शेतातून चिखलाच्या पायांनी यायचा तो दारातच उभा राहायचा. सून साधना मांडीवर तांदळाचं सूप घेऊन बसायची, पण खडे एकीकडे राहायचे. विळा मागायला आलेला शेजारचा कैलाश विळा विसरून घरी जायचा. रश्मीला अजून धड वाचता येत नव्हतं आणि कुंताबाई शाळेची पायरीच चढली नव्हती, तरी दोघी एकाच जागी, एकाच क्षणी हसायच्या. दंडारीत म्हाताऱ्यांना एक लागतं आणि पोरांना दुसरं, हे सुखराम अनुभवानं जाणत होता. इथं एका बकरीनं सगळं घर एका चटईवर आणून बसवलं होतं.

एकदा त्यानं विचारलंच, "तू नेमकी कायले हासते?"

कुंताबाईनं थोडा विचार केला. "तो पडते, अन् उठून पीठ झटकते. त्याले काहीच लागत नाही. मंग हासाले भेव कायचं?"

"अन् मी पडतो तवा?"

"तवा मले तुमची कंबर दिसते," ती म्हणाली. "लोकं हासून घरी जातेत. मंग तेल कोण चोळते? त्याच्यात कायचं हासू येते जी?"

अडतीस वर्षं जिला गंमत कळत नाही म्हणून तो मनात हिणवत होता, ती दर मंडईला त्याच्या वाट्याची कळ सोसत पुढच्या रांगेत बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची फार माया आली.

दिवाळीनंतर गावची मंडई भरली. भर दुपारी दंडार रंगात आली. जावई तिपाईवर चढला, टाचा उंचावल्या, तिपाई करकरली. ढोलकीवाल्यानं थाप मारायला हात उचलला.

सुखराम थांबला.

त्यानं खाली पाहिलं. लोकांकडे पाहिलं. फेटा सारखा केला, मिशीला पीळ दिला. ढोलकीवाल्याचा हात हवेतच होता, त्याच्याकडेही पाहिलं. शेवटी पुढच्या रांगेत पाहिलं. कुंताबाईचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. तिच्याकडे पाहत पाहतच त्यानं एक पाय हळूच खाली ठेवला, मग दुसरा. बैलाला थोपटावं तशी तिपाई थोपटली, काखेत मारली, आणि हातानं पडदा बाजूला सारून सरळ सोंगातल्या बायकोकडे चालत गेला.

ढोलकीवाल्याचा हात तसाच वर राहिला. मग एक हसणं उठलं. मोकळं, खळखळतं, शेवटी दम लागून खोकल्यात जाणारं. मागोमाग सगळी मंडई हसू लागली, पण सुखरामच्या कानात ते एकच होतं. पडद्याआड तो तिपाईवर बसला आणि फेट्याच्या शेवानं डोळे टिपले.

"पडला काहून नाही बे तू?" दंडारीचा म्होरक्या यादोराव धावत आला.

"आता नाही पडत," सुखराम म्हणाला.

घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. रश्मीनं टीव्ही लावला. कुंताबाई सवयीनं आत गेली आणि कोमट तेलाची वाटी घेऊन आली. मग तिचं तिलाच आठवलं.

"अगंबाई, आज त तुमी पडलेच नाही. ठेवून देऊ?"

सुखरामची कंबर मुळीच दुखत नव्हती. त्यानं मुकाट्यानं सदरा काढला आणि टीव्हीकडे तोंड करून तिच्यापुढे बसला.