मागच्या दोन मुठी

नवी चाकांची खुर्ची येणार म्हणून धाकटी आठवडाभर हवेत होती, आणि खुर्ची प्रत्यक्ष दारात आली तेव्हा तिने आधी तिची मागची बाजू पाहिली. खुर्ची झकास होती. फक्त तिला मागे ढकलायच्या मुठी नव्हत्या.

धाकटी म्हणजे कोणी लहान पोर नव्हे. शेहेचाळीस वर्षांची बाई, वाचनालयात पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर वीस वर्षं बसलेली, पुस्तक उशिरा आणणाऱ्याला नुसत्या नजरेने गार करणारी. पण घरातलं शेंडेफळ, म्हणून जन्मभर धाकटीच. खुर्ची घेऊन आलेला मिस्त्री तिच्या आधीच्या दोन्ही खुर्च्यांची नाडी ओळखून होता, त्यामुळे तोही तिला धाकट्या ताई म्हणायचा. त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं की हे नवं मॉडेल, याला कोणी ढकलायची गरजच नाही, मग मुठींची अडगळ हवी कशाला. बोलणं बिनतोड होतं. धाकटीने चोरून आप्पांकडे पाहिलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील, नव्या गादीचं कापड बोटांनी चाचपत होते, जणू तेच विकत घ्यायला आले होते.

खरी गोष्ट अशी होती की मुठी लागत होत्या त्या आप्पांना. पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेला माणूस, एका दमात सगळं शहर पालथं घालणारा. आता त्र्याऐंशीव्या वर्षी पाय ऐकेनासे झाले होते. थोरल्या मुलीने पाठवलेली छान काठी दाराआड उभी होती, आणि तिचा उपयोग आप्पा कोपऱ्यातली जाळी काढायला करत. काठी म्हाताऱ्यांनी घ्यायची, असं ते बजावून सांगत. मात्र रोज सकाळी लेकीला वाचनालयात सोडायला निघत. 'सोडायला' हा त्यांचा शब्द. खुर्चीची मूठ धरायची, आणि रस्त्यावर गाड्या फार, पोरीला आधार हवा, असं भेटेल त्याला ऐकवायचं. धाकटी मुकाट्याने वेग एकवर ठेवायची. पाचाचा पल्ला असलेली खुर्ची एकवर चालवणं म्हणजे मुंगीशी शर्यत लावून हरणं. पण ती हरत होती, गेली तीन वर्षं, आणि याबद्दल बापलेकीत अवाक्षर झालं नव्हतं.

मुठी गेल्या की आप्पांचं चालणं गेलं. मग बाहेर पडणं गेलं. तिला ते लख्ख दिसत होतं, आणि बोलावं तर त्यांचं बिंग फुटत होतं.

मिस्त्री अंगणात जुनी खुर्ची खोलायला बसला तशी तिला पहिल्या इलेक्ट्रिक खुर्चीची आठवण झाली. त्याआधी वीस वर्षं आप्पांनीच तिला ढकललं होतं. शाळेत, दवाखान्यात, बाजारात. उतार आला की खुर्ची उलटी फिरवून, स्वतः मागे मागे चालत उतरायचे, आणि ती मान वळवून त्यांना मागचे खड्डे सांगायची. मग ती खुर्ची आली. पहिल्याच दिवशी धाकटीने काटा पाचवर नेला आणि कोणालाही न सांगता गल्लीच्या टोकापर्यंत सुसाट गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी कुठेतरी गेली होती. तिने वळून पाहिलं तर आप्पा दारात तसेच उभे होते, दोन्ही हात पुढे, कोपरात वाकलेले, अजून मुठी धरल्यासारखे. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. इतका आनंद आणि इतकं वाईट एकदम वाटलेलं तिला पुन्हा कधी आठवत नव्हतं.

त्याच महिन्यात खुर्ची तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा मिस्त्री धावत आला, आणि तिन्ही वेळा चाकामागचा खटका ढकलण्यावर केलेला निघाला. तो खटका तसा पाडला की मोटर सुटते, माणसाला ढकलता येतं, पण बटण कितीही दाबा, खुर्ची जागची हलत नाही. बॅटरी वाचावी म्हणून केलं, असं आप्पा म्हणाले. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, आणि पुन्हा खटक्याला कोणी हात लावला नाही. काय सांगितलं ते धाकटीने आजवर विचारलं नव्हतं.

आता जुन्या खुर्चीच्या मुठी काढून मिस्त्रीने फरशीवर ठेवल्या. उजव्या मुठीचं रबर आप्पांच्या अंगठ्याने खोलगट झालं होतं. धाकटीला राहवलं नाही. ती म्हणाली, की मला आपलं रस्ता ओलांडताना भीती वाटते, मागे कोणी धरलेलं बरं, तर या मुठी नव्या खुर्चीला बसतील का? मिस्त्री हसायलाच लागला. चौकातल्या सिग्नलला मोटारवाल्यांना दटावणाऱ्या ताई आणि भीती! शिवाय सांगाड्याला भोक पाडलं तर हमी जाते, असं म्हणून त्याने मुठी भंगाराच्या पिशवीत टाकल्या.

"काढ त्या बाहेर," आप्पा म्हणाले.

मिस्त्री थांबला.

"तिला कसली भीती? ती वीस वर्षांपूर्वीच सुटली माझ्या हातातून." आप्पांनी भिंतीला हात टेकला आणि सगळा भार त्यावर दिला, पहिल्यांदाच, लेकीच्या देखत. "मुठी मला हव्यात. त्यांच्याशिवाय मला चालता येत नाही. भोक नको तर पट्टीने आवळ, पण बसव."

मिस्त्रीने पिशवी उपडी केली, लोखंडी पट्ट्या शोधल्या आणि अर्ध्या तासात दोन्ही मुठी मागच्या नळीला आवळून दिल्या. नव्या चकचकीत खुर्चीला त्या अगदीच विजोड दिसत होत्या. धाकटीला त्या फार आवडल्या. ती खुर्चीत बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची तिने खटपट केली नाही.

वाचनालयाची वेळ झाली होती. आप्पांनी चप्पल घातली, मागे आले, आणि उजव्या मुठीच्या खोलगट जागेवर अंगठा ठेवला. धाकटीने सवयीने वेग एकवर घेतला. फाटकाबाहेर दहा पावलं गेली असतील नसतील.

"दोनवर घे गं," मागून आप्पा म्हणाले. "तीन वर्षं झाली, एकवर मला पेंग येते."